एकोणतिसाव्या वर्षीचा एक्झिट इंटरव्ह्यू

एकोणतीस हे वय जरा डेंजरच. तिशी दारात येऊन उभी असते. घरून 'मग, पुढचं काय ठरवलंय?' हा प्रश्न दर रविवारी फोनवरून येतो. फ्लॅटचा हप्ता पगाराच्या आधी आठवतो. अप्रेझलचा आकडा बघून वाटतं, यासाठी का आपण एवढी वर्षं घासली? मग एखाद्या सोमवारी सकाळी, सिग्नलला अडकलेलं असताना, ती सुप्रसिद्ध आयडिया डोक्यात चमकते. सगळं सोडून निघून जायचं! कुणाला धरमशाला दिसते, कुणाला ऋषिकेश, कुणाला तळकोकणातलं कौलारू घर. ठिकाणं वेगळी, फंडा एकच.

या आयडियाला सगळ्यात भक्कम आधार कुणाचा, तर थेट सिद्धार्थ गौतमांचा. त्यांनी घर सोडलं तेव्हा त्यांचं वय काय होतं माहितीय? एकोणतीस. पाली ग्रंथांत तसा उल्लेखच आहे. त्यामुळे कँटीनमध्ये कुणी 'बुद्धांनीसुद्धा सगळं सोडलंच होतं की' म्हणालं, की समोरचा गप्प बसतो. याच्यापुढे बोलणार काय?

मी जरा बोलणार आहे. कारण सोडून जाण्याचा तो एक सीन आपल्याला पाठ आहे. मध्यरात्र, झोपलेली यशोधरा, कंथक घोडा, छन्न सारथी. पण त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, ही बाकीची पिक्चर आपण पाहिलेलीच नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

कारण : पर्सनल

विषय निघाला माहूरला. माझा एक मित्र मूळचा नांदेडचा, सध्या पुण्यात, आयटीत. त्याच्या आईचा रेणुकामातेचा नवस फेडायचा होता, मला माहूर बघायचं होतं, म्हणून आम्ही तिघं निघालो. नांदेडहून किनवटच्या अंगाने वर चढलं की सागवानाचं जंगल सुरू होतं. एका डोंगरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया, आणि खाली पैनगंगेचा वळसा. साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. देवीचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा, तांबूल. तो तोंडात टाकून आम्ही दत्तशिखराकडे निघालो.

वर वारा मस्त होता. मित्राने सॅकमधून पुस्तक काढलं. हर्मन हेसेचं 'सिद्धार्थ', इंग्रजीतलं, पानं दुमडलेलं. आणि शांतपणे म्हणाला, ''राजीनाम्याचा मेल ड्राफ्ट्समध्ये तयार आहे. या महिन्यात सेंड करतोय.''

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, ''जायचं तर जा बाबा. पण कशापायी चाललास ते तरी नीट सांग.''

''शांती पाहिजे, आई.''

''शांती पाहिजे म्हणून नोकरी सोडायची? मग नोकरीतनं नेमकं काय नको झालंय?''

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एचआरच्या भाषेत याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. आपण सगळे तिथे 'पर्सनल रीझन्स' लिहून मोकळे होतो. काकूंनी मात्र तो रकाना रिकामा सोडू दिला नाही. परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. सिद्धार्थ गौतमांनी त्या रकान्यात काय लिहिलं असतं?

रोहिणीचं पाणी

आपल्याला माहीत असलेलं उत्तर सोपं आहे. एक म्हातारा दिसला, एक आजारी दिसला, एक प्रेत दिसलं, मग एक संन्यासी दिसला. राजपुत्र हादरला आणि रात्रीच निघाला. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित'सारख्या काव्यांनी ही चार दृश्यं अशी काही रंगवली, की तीच इतिहास होऊन बसली. पण हे काव्य बुद्धांनंतर काही शतकांनी लिहिलेलं. त्याहून जुन्या पाली सुत्तांमध्ये, उदाहरणार्थ मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात, बुद्ध स्वतः घर सोडल्याची हकीकत सांगतात, तेव्हा ना घोडा येतो ना मध्यरात्र. केस काळे होते, ऐन तारुण्य होतं, आईवडील रडत होते, तरी केस उतरवून बाहेर पडलो, एवढंच. म्हणजे चोरून पळून जाणं नाही. घरच्यांसमोर, त्यांचे अश्रू बघत घेतलेला निर्णय.

मराठीत हा फरक ठणकावून मांडला तो धर्मानंद कोसंबींनी, आपल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात. त्यांनी कारणही वेगळं दाखवलं. शाक्य आणि कोलिय हे शेजारी, नातेवाईकसुद्धा. दोघांच्या मधून वाहणारी रोहिणी नदी. तिच्या पाण्यावरून भांडणं आणि शस्त्रं उपसणं. कमी पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसं बघून सिद्धार्थांना भीती वाटली, विरक्ती आली, असा अर्थ कोसंबींनी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तावरून लावला.

पुढे १९५७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर, त्यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झाला. त्यात बाबासाहेबांचा सवाल अगदी रोखठोक आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसं पटावं? त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत सिद्धार्थ शाक्यांच्या संघाचे सभासद आहेत. रोहिणीच्या पाण्यासाठी कोलियांशी युद्ध करायचा ठराव येतो, सिद्धार्थ भर सभेत विरोध करतात आणि मतदानात हरतात. मग घरच्यांवर बहिष्काराची वेळ येऊ नये म्हणून ते स्वतःहून देश सोडतात.

पाण्यावरून युद्ध? तुम्हाला अतिशयोक्ती वाटत असेल तर मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा स्टेशनवर ते बघायला गर्दी उसळली होती. रोहिणी काही फार लांब नाही.

पण मला सगळ्यात भिडला तो बाबासाहेबांच्या गोष्टीतला पुढचा भाग. सिद्धार्थ राजगृहाजवळ असताना बातमी येते, शाक्य-कोलियांचा समेट झाला. म्हणजे कारणच संपलं! आता घरी परतायला काय हरकत होती? ते परतत नाहीत. कारण तोपर्यंत त्यांचा प्रश्न मोठा झालेला असतो. एका नदीचं भांडण मिटलं, पण माणसामाणसांत, घराघरांत, मालक-नोकरांत हे भांडण उगवतं कुठून? दुःखाचं मूळ काय?

थोडक्यात, त्या रकान्यात 'कंटाळा आला' नव्हतं. 'शांती पाहिजे' हेसुद्धा नव्हतं. तिथे एक प्रश्न होता, आणि तो एकट्या त्यांचा नव्हता.

नाकारलेली दोन प्रमोशन्स

पुढची सहा वर्षं तर आपल्याला माहीतच नसतात. आपल्या डोक्यात घर सोडलं की लगेच बोधिवृक्ष येतो. मध्ये जे झालं, ते नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

सिद्धार्थ पहिल्यांदा आळार कालाम नावाच्या गुरूकडे गेले. त्यांची ध्यानाची पद्धत शिकले, झटक्यात त्यांच्या बरोबरीला पोहोचले. गुरू एवढे खूश, की म्हणाले, आता आपण दोघे मिळून हा शिष्यवर्ग सांभाळू. सरळ पार्टनरशिपची ऑफर! सिद्धार्थांनी विचार केला, यातून माझा प्रश्न सुटतो का? नाही. निघाले. दुसरे गुरू उद्दक रामपुत्त. तिथेही तेच झालं आणि ऑफर आणखी मोठी, सगळा शिष्यवर्ग तूच सांभाळ. तिथूनही निघाले. मग अंगाची काडं होईपर्यंत उपवास केले. त्यातूनही काही हाती लागेना, तेव्हा तेही थांबवलं आणि अन्न घेतलं. 'हा ढिला पडला' म्हणून सोबतचे पाच जण सोडून गेले.

तीन वेळा मार्ग बदलला, पण प्रश्न तोच ठेवला. आपलं नेमकं उलटं होतं. कंपनी बदलली, शहर बदललं, योगाचा क्लास बदलला की आपण प्रश्नही बदलतो.

आणि सोडतानासुद्धा कडवटपणा नाही. ज्ञान झाल्यावर हे कुणाला सांगावं असा विचार आला, तेव्हा पहिली आठवण झाली ती आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांचीच. दोघेही तोवर वारले होते. मग ते पाच जण आठवले, आणि बुद्ध त्यांना शोधत सारनाथपर्यंत चालत गेले. जुन्या बॉसची इतकी चांगली आठवण तुम्ही शेवटची कधी काढली होती?

दत्ताचं अपडाऊन

आता मित्राच्या सॅकमधल्या पुस्तकाकडे येऊ. हेसेने 'सिद्धार्थ' १९२२ साली जर्मनमध्ये लिहिलं. त्याचे आजोबा हर्मन गुंडर्ट केरळात मिशनरी होते, मल्याळम शब्दकोशाचे कर्ते. त्याची आई भारतातच जन्मली. १९११ साली तो स्वतः पूर्वेकडे निघाला, सिलोन-सुमात्रा करून परतला, पण भारताच्या भूमीवर काही पोहोचला नाही. पुढे १९७२ साली यावर सिनेमा आला, शशी कपूर आणि सिमी गरेवाल असलेला.

अनेकांचा इथे गोंधळ होतो. हेसेचा सिद्धार्थ म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. तो एका ब्राह्मणाचा मुलगा, त्याच काळातला. तो बुद्धांना भेटतो, त्यांची शिकवण निर्दोष आहे हे मान्य करतो, पण म्हणतो की तुम्हाला त्या क्षणी जे कळलं ते शिकवून देता येणार नाही. त्याचा मित्र गोविंद संघात राहतो, हा पुढे निघतो. मग कमला नावाच्या गणिकेकडून प्रेम शिकतो, कामस्वामी व्यापाऱ्याकडून धंदा शिकतो, पैसा कमावतो, जुगारात बुडतो, सगळ्याला विटतो. शेवटी एका नावाड्याजवळ राहून नदीकडून शिकतो.

हे पुस्तक वाचून नोकरी सोडायची हुक्की येते खरी. पण नीट वाचलं तर काय दिसतं? हेसेचा सिद्धार्थ आश्रमात आणि जंगलात फार थोडं शिकतो. जास्त शिकतो ते बाजारात, पेढीवर आणि होडीवर.

आणि ही गोष्ट आम्ही वाचत होतो कुठे, तर दत्तशिखरावर! परंपरा काय सांगते ऐका. दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात. कर्जत-सीएसटी करणाऱ्यांनो, एवढं अपडाऊन तुमचंही नाही. आपल्या कल्पनेतला सगळ्यात मोठा अवधूत, ज्याला घर नाही, त्यालाही लोकांनी रात्री परत यायला एक डोंगर दिलाय.

त्याहून गंमत म्हणजे त्यांचे चोवीस गुरू. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपल्या गुरूंची यादी सांगतो. परंपरा त्याला दत्तात्रेयच मानते. मराठीत ही यादी एकनाथांच्या भागवतामुळे घरोघरी पोहोचली. यादीत पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर आहे, मधमाशी आहे. आणि पिंगला नावाची गणिकाही आहे. पाहुण्यांसमोर कांडताना बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक उतरवून ठेवणारी मुलगी आहे. एक बाण बनवणारा कारागीर आहे, जो कामात इतका गुंगला की शेजारून राजाची मिरवणूक गेलेली त्याला कळली नाही. नोटिफिकेशन ऑफ करणं म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकावं.

एकही गुरू आश्रमातला नाही. सगळे आपापल्या कामावर, आपापल्या जागी. हेसेने कमला आणि नावाडी रंगवण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ही यादी तयार होती.

गोदावरीकाठचे सोळा जण

पण ही झाली दत्तपरंपरा. बौद्ध परंपरेत आपल्या भागातला कुणी आहे की नाही, असा प्रश्न मला पडला, आणि उत्तर मिळालं ते भन्नाट.

नांदेडजवळ अर्धापूर तालुक्यात दाभड नावाचं गाव आहे. तिथल्या महाविहाराच्या जागेला म्हणतात बावरीनगर. दर वर्षी पौष पौर्णिमेला तिथे मोठी धम्म परिषद भरते, दूरदूरहून लोक येतात. बावरी हे नाव कुठलं? थेट सुत्तनिपातातलं. त्याच्या शेवटच्या भागात, पारायणवग्गात, बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची गोष्ट आहे. तो राहायचा गोदावरीच्या काठी, अस्सक म्हणजे अश्मक देशाच्या परिसरात. अश्मकाची राजधानी म्हणजे नांदेडच्या शेजारचं, आज तेलंगणात असलेलं बोधन, असं अनेक अभ्यासक मानतात. माहूरच्या पायथ्याची पैनगंगासुद्धा वर्धा आणि प्राणहितेतून शेवटी गोदावरीलाच मिळते. म्हणजे हा माणूस आपल्याच पाण्याचा.

गोष्ट अशी. बावरी मोठा यज्ञ करतो, जवळचं सगळं दान करून बसतो. मग एक याचक येतो आणि पाचशे नाणी मागतो. बावरी म्हणतो, माझ्याकडे आता काहीच उरलं नाही. तो चिडतो आणि शाप देतो, सातव्या दिवशी तुझं डोकं फुटून सात तुकडे होतील! म्हातारा हादरतो. खाणंपिणं सुटतं, ध्यानात मन लागत नाही. सातव्या दिवसाची डेडलाईन आणि डोकं फुटायची पाळी. ओळखीचं वाटतंय ना?

एक देवता त्याला समजावते, की त्या माणसाला डोकं म्हणजे काय हेच माहीत नाही. ते जाणणारे बुद्ध उत्तरेत आहेत. बावरी स्वतः जाण्याच्या वयाचा नाही. तो आपले सोळा शिष्य पाठवतो. त्यांचा रस्ताही नोंदलेला आहे. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, वैशाली करत मगधापर्यंत. जीपीएस नाही, हॉटेल नाही, सगळं पायी. मराठी मुलखातून निघालेल्या प्रवासाची एवढी जुनी आयटिनररी दुसरी क्वचितच सापडेल.

बुद्ध त्यांना सांगतात, ज्याला डोकं म्हणता ते अज्ञान. आणि ते फोडणारं आहे ज्ञान, सोबतीला श्रद्धा, सजगता, एकाग्रता आणि मेहनत. बावरी ज्याला मरण समजून घाबरला होता, ती खरं तर सुटका होती.

मग सोळाही जण एकेक करून आपापले प्रश्न विचारतात. इथे दोन माणसं मला फार आवडली. एक धोतक. तो म्हणतो, मला माझ्या शंकांमधून सोडवा. बुद्ध नम्रपणे हात वर करतात. मी कुणालाच सोडवू शकत नाही, तू समजून घेतलंस तर तूच पार होशील. म्हणजे हेसेच्या सिद्धार्थने बुद्धांसमोर जो मुद्दा मोठ्या ऐटीत मांडला, तो बुद्धांनी स्वतःच गोदावरीकाठच्या एका पोराला कधीच सांगून टाकला होता!

दुसरा पिंगिय. हा स्वतःच म्हातारा, नजर अधू, कान जड. तो उत्तर घेऊन बावरीकडे परत येतो. बावरी विचारतो, अशा माणसाला सोडून तू आलासच कसा? पिंगिय सांगतो, शरीर थकलंय, ते जाऊ शकत नाही. पण मनाने मी एक क्षणही त्यांच्यापासून दूर नाही.

सोळा जण गेले. उत्तर मात्र त्यालाही मिळालं जो जागचा हलला नाही. कारण प्रश्न त्याचा होता.

बिल कोण भरणार?

इथवर सगळं छान छान झालं. पण सोडून जाण्याचं एक बिल असतं आणि ते बहुतेक वेळा मागे राहिलेला भरतो. हेही जुन्या ग्रंथांनी लपवलेलं नाही.

बुद्ध कपिलवस्तूला परत आले तेव्हा यशोधरेने लहानग्या राहुलला पाठवलं, जा, वडिलांकडे आपला वारसा माग. बुद्धांनी त्याला संघात घेतलं. तेव्हा शुद्धोदन कळवळले. मुलगा गेला, आता नातूही गेला. त्यांनी एवढंच मागितलं, की यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाच्याही मुलाला दीक्षा देऊ नये. बुद्धांनी तो नियम केला. आजही दीक्षेच्या वेळी विचारतात, आईवडिलांची परवानगी आहे का? एका आजोबांचं दुःख थेट नियमावलीत गेलं.

कोसंबींचं आयुष्यही हेच सांगतं. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्म. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र वाचलं आणि वेड लागलं. १८९९ मध्ये, तेवीस वर्षांचे असताना, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, सिलोन, ब्रह्मदेश. खिशात पैसे नाहीत, अनेकदा पोटात अन्नही नाही. सिलोनला पाली शिकले, भिक्षूही झाले. पण १९०६ च्या सुमारास ते परतले, चीवर उतरवलं आणि संसारात आले. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, अट एकच, महाराष्ट्रात राहून काम करा आणि लिहा. पुढे हार्वर्डला जाऊन आले आणि १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. सुत्तनिपात मराठीत आणला तोही त्यांनीच.

त्यांनी जे मिळवलं ते मराठीला मिळालं. पण मधली सगळी वर्षं गोव्यात लहान मुलीला घेऊन राहिलेल्या बाळाबाईंचा एक्झिट इंटरव्ह्यू कुणी घेतला नाही. कोसंबींबद्दल मला अपार आदर आहे. आणि तरीही त्यांची गोष्ट सांगताना मी बाळाबाईंचं नाव गाळणार नाही.

अकाउंट्स डिपार्टमेंटमधले गुरुजी

आता शेवटचं उदाहरण, खास ऑफिसवाल्यांसाठी. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथे शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंकांचे गुरू कोण? सयाजी ऊ बा खिन. आणि ते काय करायचे? ब्रह्मदेशात सरकारी नोकरी! १९४८ साली देश स्वतंत्र झाल्यावर ते तिथले अकाउंटंट जनरल झाले. दिवसभर फायली तपासायचे आणि त्याच खात्यातल्या लोकांना ध्यान शिकवायचे. गोयंका स्वतः रंगूनमधले बडे व्यापारी, त्यांच्याकडे १९५५ साली गेले ते मायग्रेनने हैराण होऊन. पुन्हा एकदा डोकं फुटायची पाळी! त्यांनीही संसार सोडला नाही, पत्नीला सोबत घेऊनच ते आयुष्यभर शिकवत राहिले.

म्हणजे सोडूच नये, असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. नोकरी खरंच माणूस खात असेल, बॉस अपमान करत असेल, काम तुमच्या विवेकाला टोचत असेल, तर बिनधास्त सोडा. सिद्धार्थ गौतमांनी भर सभेत 'युद्ध नको' म्हटलं आणि त्याची किंमत मोजली. तसं काही असेल तर ते राजीनाम्यात लिहा, स्पष्ट लिहा. पण नुसता थकवा आला असेल तर त्याला बोधिवृक्षाचं नाव देऊ नका. थकव्याला झोप लागते, सुट्टी लागते, कधी डॉक्टर लागतो.

माझ्या मित्राचं म्हणाल तर मेल अजून ड्राफ्ट्समध्येच आहे. त्याने दहा दिवसांच्या कोर्सला नाव घातलंय, रीतसर रजा टाकून. परवा म्हणाला, मेलमध्ये 'पर्सनल रीझन्स' खोडून तिथे तीन ओळी लिहिल्यात. दोन कंपनीबद्दल आहेत, एक स्वतःबद्दल. पाठवणार की नाही, हे त्याचं त्याला ठाऊक. मी विचारलं नाही.

तुमच्याही ड्राफ्ट्समध्ये असा मेल असेल तर आज रात्री उघडा. कारण या शब्दापुढे एकच प्रश्न लिहून बघा, असा, की ज्याच्यासाठी तुम्ही पैठणपासून मगधापर्यंत पायी जाल. लिहिता आला, तर निघा, घरच्यांना सांगून निघा. नाहीच आला, तर मेल तसाच राहू द्या. उद्या सकाळी ऑफिसला जा आणि चोवीस गुरूंपैकी पहिला शोधायला लागा. तो बहुतेक शेजारच्याच डेस्कवर, हेडफोन लावून, बाण तासत बसलेला असेल.